परसातलं मिठागर

तात्यांनी कधी कोणाला वार किंवा तारीख विचारल्याचं मला आठवत नाही. सकाळी कुंपणाशी येऊन ते विचारत, "आज कोन?" जणू रोज कोणीतरी पाहुणा यायचा आहे आणि तो पोचला की नाही एवढंच त्यांना हवंय.

"बुधवार. चौदा तारीख," मी सांगायचे.

"ती झाली तुमच्या हापिसाची, म्याडम. आज कोन?"

मग मला भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी जाऊन चष्मा लावून बारीक अक्षर वाचावं लागे. "सप्तमी."

"सात पावने सव्वापाच," असं पुटपुटत ते निघून जात. तिथीची पाऊणपट. हा समुद्राचा काहीतरी हिशेब आहे एवढं मला कळलं होतं. त्यापुढे मी विचारलं नाही, कारण त्यांना काही विचारायचं म्हणजे त्यांना काही येतं हे कबूल करणं झालं असतं.

आम्ही नवरा-बायको मूळ माणगावकडचे. माझ्या बदलीमुळे अलिबागला आलो आणि पुढे रेवदंड्याच्या अलीकडे छोटं घर बांधलं. शेजारी लताचं घर. तात्या हे लताचे वडील. पेणच्या खाडीवरच्या मिठागरात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते मिठागर बंद पडलं, मुलगा उरणला ट्रेलरच्या धंद्यात शिरला, आणि तात्या निम्मं वर्ष लेकीकडे, निम्मं मुलाकडे असे राहू लागले. गेल्या मे महिन्यानंतर ते उरणला गेले आणि दिवाळीच्या आधी तिथेच वारले. लता सांगायला आली तेव्हा मी तिला जवळ घेतलं आणि चहा दिला. मला त्यांचा हेवा वाटत असे, आणि ज्याचा हेवा करायचा तो माणूसच गेल्यावर त्या हेव्याचं काय करायचं ते मला कळेना.

बुटके, किंचित पुढे वाकलेले, बनियन आणि अर्धी चड्डी, खांद्यावर टॉवेल. पाय मात्र त्या शरीराला शोभणारे नव्हते. रुंद, बोटं एकमेकांपासून फाकलेली, टाचा मिठाने पांढऱ्या पडून कायमच्या चिरलेल्या. खुर्ची दिली तर तिच्या बाजूला जमिनीवर उकिडवे बसायचे. दिसेल ती वस्तू चाखून बघायचे. माती, पाणी, भिंतीला आलेला पांढरा थर. एकदा आमच्या यांच्या नव्या खताची पुडी फोडून त्यांनी त्यातला कण जिभेवर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, तुमाला फसवला."

मुक्ता माझी नात. सात वर्षांची. माझी मुलगी मेघा मुंबईत नोकरी करते. मागच्या वर्षी तिने मे महिन्यातले तीन आठवडे मुक्ताला आमच्याकडे ठेवायचं कबूल केलं. त्याआधी मुलगी कधी एकटी राहिली नव्हती. मेघा फोनवर म्हणाली होती, "आई, रमली तर दर वर्षी पाठवीन. नाही रमली तर तिला उन्हाळी शिबिरातच घालते." तेव्हा हे तीन आठवडे म्हणजे माझी परीक्षा होती. मी अर्जित रजा टाकली, आणि एक तक्ता केला.

तक्ता चांगला होता, अजूनही म्हणते. सकाळी सात ते आठ समुद्रकिनारा. साडेआठला पक्षीनिरीक्षण, त्यासाठी पुस्तक आणलं होतं. मंगळवारी नारळाच्या झावळ्यांच्या चटया, गुरुवारी रेवदंड्याचा किल्ला आणि दगड रंगवणं, शनिवारी पतंग. सगळं घरापासून अर्ध्या तासाच्या आत, सगळं उघड्यावर, सगळं आजी-नातीने मिळून करण्यासारखं. प्रत्येक गोष्ट झाली की चिकटवायला सोनेरी चांदण्या होत्या. फ्रिजवर तो तक्ता लावताना हे म्हणाले होते, "यात आंघोळ कुठे आहे?" आंघोळही होती, त्यांनी नीट बघितलं नव्हतं.

तीन दिवसांत मुक्ताने चार चांदण्या मिळवल्या. चौथ्या दिवशी ती कुंपणापलीकडे गेली.

तिथे तात्या आणि लताची मुलगी रिया चिखल तुडवत होते. खाडीतला काळा, चिकट चिखल तात्यांनी हातगाडीने आणला होता आणि परसात एका खाटेएवढे तीन वाफे घातले होते. एकाला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा.

"हे काय आहे?" मुक्ताने विचारलं.

"मिठागर."

"एवढंसं?"

"तू केवढीशी हायस?" तात्या म्हणाले. "चप्पल काढ. टाच मारू नको, पाय सगळा टेकव. चोप."

ती आत उतरली, आणि माझे तीन आठवडे तिथे गेले.

मी सुरुवातीला हसून बघितलं. दोन दिवसांनी हसणं थांबलं. मला समजत नव्हतं की त्या माणसात होतं काय. मी मुक्ताला "वा, किती छान" म्हणत असे. तात्यांनी तिला एकदाही छान म्हटलं नाही. "ही भेग कोनाची? तुझी? बुजव." "पानी सांडलास? जा, पुन्हा आन." मुलगी धावत जाई. घरी पाण्याचा ग्लास जागेवर न ठेवणारी मुलगी समुद्राचं पाणी कळशीने आणताना एक थेंब सांडू देत नव्हती. पहिल्या वाफ्यात पाणी भरायचं, उन्हात आटवायचं, दाट झालं की दुसऱ्यात सोडायचं, मग तिसऱ्यात. हे तिने मला रात्री जेवताना सांगितलं, हातवारे करून. ती सांगत असताना मी तिला वरण वाढलं आणि म्हटलं, "उद्या किल्ला आहे हं."

"उद्या नको आजी. उद्या बटाटा आहे."

पाणी पुरेसं खारट झालं की नाही हे तात्या बटाटा टाकून बघत. बुडाला तर कच्चं, तरंगला तर तयार. म्हणून माझ्या टोपलीतले बटाटे कमी होत होते. मी कामाच्या बाईला विचारलंसुद्धा होतं.

त्यात दोन गोष्टी मला विशेष लागल्या. एक म्हणजे मुक्ता त्यांना आजोबा म्हणू लागली. आमच्या यांना ती आबा म्हणते, तेव्हा आजोबा ही जागा रिकामीच होती असं म्हणता येईल, पण मला ते पटलं नाही. दुसरी म्हणजे हे स्वतः. सकाळी वर्तमानपत्र वाचून झालं की टॉवेल घेऊन पलीकडे जायचे. "जरा बघून येतो," म्हणायचे आणि गुडघ्यापर्यंत काळे होऊन यायचे. एकदा मी म्हटलं, "तुम्ही तरी तक्त्याप्रमाणे वागा." तर म्हणाले, "तक्त्यात माझं नाव कुठे होतं?"

मग मी ठरवलं की हे मैदानात उतरूनच सोडवायचं. तात्या पोरींना ओहोटीला तिसऱ्या काढायला नेतात हे मुक्ताकडून कळलं होतं. वाळूत बोटभर खाली असलेले ते शिंपले शोधायचे, घरी आणून रस्सा करायचा. मी मुक्ताला म्हटलं, "आपण दोघीच जाऊ. फक्त तू आणि मी."

वेळेची माहिती माझ्याकडे होती. रोज कुंपणावर तात्या जे आकडे सांगत ते मी वहीत उतरवून ठेवले होते. तिथी एका रकान्यात, वेळ दुसऱ्यात. दशमी, साडेसात. बुधवारी सकाळी आम्ही बादली, टोपी, पाण्याची बाटली, दोन चमचे, कोरडे कपडे असं सगळं घेऊन बरोबर साडेसातला किनाऱ्यावर पोचलो.

समुद्र सुरूच्या झाडांपासून वीस पावलांवर होता. वाळू नावाला नव्हती. लाटा येऊन आमच्या चपला ओल्या करत होत्या.

मी म्हटलं, "थांबू थोडं. जाईल मागे."

मुक्ताने चपला काढून हातात घेतल्या. दहा मिनिटांनी हळूच म्हणाली, "आजी, पाऊणकीने भरती कळते. ओहोटी त्याच्यानंतर सहा तासांनी."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग घरी का नाही बोललीस?"

ती हातातल्या चपला झटकत म्हणाली, "आजोबा म्हणाले, आजी नेते तिथे जायचं. मधे बोलायचं नाही."

ऑफिसात एखाद्याने रकान्याला शीर्षक न देता नुसते आकडे भरले तर तो कागद मी परत पाठवते. मी स्वतः वहीत 'वेळ' एवढंच लिहिलं होतं. कशाची वेळ ते लिहिलं नव्हतं. पण त्या दिवशी मला चुकीचं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की आम्ही दोघीच म्हणून निघालेल्या त्या सकाळी ते आमच्या आधीच तिथे होते. माझी लाज राखायची कशी, हेही त्यांनीच मुलीला शिकवलं होतं.

परत येताना कुंपणाशी ते उभे होते. रिकामी बादली त्यांनी बघितली आणि विचारलं, "काय म्याडम, फिरून आलाव?"

"हो. छान हवा होती," मी म्हटलं.

"सकालची हवा चांगलीच," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू शोधलं. नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

आता जे सांगायचं ते मी कोणालाही सांगितलेलं नाही. यांना ठाऊक आहे, पण आम्ही त्यावर बोललो नाही.

गुरुवारी संध्याकाळी तिसऱ्या वाफ्यात मीठ धरलं. कडेला आधी साय आल्यासारखी, मग बारीक चौकोनी कण. पोरी ओरडत आल्या आणि आम्हाला हात धरून नेलं. तात्या म्हणाले, "आज हात लावायचा न्हाय. उद्याचा ऊन खाऊंदे. शनवारी ओढू." मुक्ता झोपताना मला म्हणाली की शनिवार लवकर यायला हवा.

शुक्रवारी अंगण धुणे. हे माझ्या यादीत बारा महिने असतं. आमचं अंगण लताच्या परसापेक्षा उंचावर आहे आणि उतार तिकडेच आहे, हेही मला घर बांधल्यापासून माहीत आहे. एरवी मी दोन बादल्यांत अंगण धुते. त्या दिवशी पाईप लावला. दुपारचे अडीच वाजले होते, पोरी आत झोपल्या होत्या, लता बाजाराला गेली होती. अंगण धुऊन झालं तरी मी पाईप बंद केला नाही. तो जास्वंदीच्या बुंध्याशी ठेवला आणि आत गेले. आत मला काही काम नव्हतं. डबे पुसलेले होते, तरी पुन्हा पुसले. वीस मिनिटांनी बाहेर येऊन नळ बंद केला.

यादीत होतं म्हणून केलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते.

चार वाजता रिया रडायला लागली. मी गेले तेव्हा सगळे जमले होते. तिसऱ्या वाफ्यात गढूळ पाणी भरलं होतं, मीठ विरघळून गेलं होतं. मुक्ता रडत नव्हती. ती खाली बसली, बोट बुडवलं आणि चाखलं, अगदी तात्यांसारखं.

"गोडं आहे," ती म्हणाली. "आजोबा, हे गोडं पाणी आहे. कुठून आलं?"

तात्यांनी वर बघितलं. आमचं अंगण ओलं होतं. जास्वंदीखालून कुंपणापर्यंत पाण्याने केलेली वाट स्पष्ट दिसत होती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही.

"खालनं झरा फुटला," ते म्हणाले.

"झरा?"

"व्हय. मे महिन्यात फुटतो कधी. आमच्या आगरात पन फुटायचा."

हे म्हणाले, "पण तात्या, तो वरचा पाईप..."

"साहेब, तुमी जरा घरातनं बटाटा आना," तात्या म्हणाले. "पयल्या वाफ्यातला पानी बघू कितपत हाय."

मुक्ताने एकदा कुंपणाकडे बघितलं आणि एकदा तात्यांकडे. मग ती रियाला म्हणाली, "रडू नको. झरा होता." तिला किती कळलं होतं ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

संध्याकाळी मी कुंपणाशी गेले. त्यांनी रागवावं म्हणून गेले होते. त्यांनी दोन शब्द ऐकवले असते तर मीही चार ऐकवले असते की तुम्ही माझी नात पळवलीत, आणि हिशेब बरोबरीत सुटला असता. ते विडी ओढत बसले होते. पोरींसमोर कधी ओढत नसत.

"म्याडम, पोर कधी जाते?"

"पुढच्या रविवारी."

"सोमवारी अवस. उधानाचा पानी चढेल, चांगला खारट. पातळ पातळ सोडला तर शनवारपर्यंत मीठ धरेल." त्यांनी विडी विझवली. "पन तळ मऊ पडलाय. पुन्हा चोपायला लागेल. पोरींचा वजन काय, दोन मांजरी. मना मानसं कमी पडतात."

"यांना पाठवते."

"साहेब येतातच. तुमी या."

शनिवारी सकाळी सहा वाजता मी साडी वर खोचून चिखलात उतरले. थंड, घट्ट, बोटांमधून वर येणारा चिखल. एका रांगेत उभं राहायचं, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि एकदम पाय उचलायचे. सगळ्यात पुढे तात्या, मग रिया, हे, मी, आणि मागे मुक्ता. तिचे हात माझ्या खांद्याला पोचत नव्हते म्हणून तिने माझी कंबर धरली होती.

"म्याडम, टाच."

"टाच मारली नाही मी."

"भोक कोनी पाडला मंग? शेजारनीनं?"

हे हसले. मुक्ता इतकी हसली की तिचं डोकं माझ्या पाठीवर आपटलं. अर्धा तास आम्ही चोपत होतो. मुलीचे दोन हात माझ्या कमरेला होते, आणि त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला यादीची आठवण झाली नाही. मग मुक्ता मागून ओरडली, "आजोबा, बघा ना, आजीला जमायला लागलं." माझं कौतुक करायलाही तिला त्यांची परवानगी लागत होती. मी पाय जरा जोरातच आपटला.

"टाच," तात्या म्हणाले.

पुढच्या शनिवारी मीठ ओढलं. दीडएक किलो भरलं असेल, करड्या रंगाचं. तात्यांनी त्याचे ढीग केले. "चोपनाराचा वाटा आधी," म्हणून पहिला माझ्यासमोर सारला. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "कामाचा हाय. दया न्हाय." त्याच संध्याकाळी मेघा आली. मुक्ताने तिला सांगितलं की ती पुढच्या वर्षीही येणार आहे. मेघाने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि हसली. परीक्षेत मी पास झाले होते. उत्तरपत्रिका कोणी लिहिली ते मला माहीत होतं.

रविवारी माय-लेकींना मुंबईच्या बोटीसाठी मांडव्याला सोडायला आम्ही गाडी काढली. तात्याही पिशवी घेऊन आले. ते पावसाळ्यासाठी मुलाकडे निघाले होते, मांडव्याहून रिक्षाने रेवसला आणि तिथून लाँचने करंजाला. पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसले आणि अलिबाग येईपर्यंत मुक्ताकडून पाऊणकी म्हणून घेतली.

धक्क्याच्या फाटकाशी मुक्ताने आम्हा सगळ्यांना नमस्कार केला. तात्या तिला म्हणाले, "जा. बोटीत कडेला नको बसू." एवढंच. माय-लेकी आत गेल्या. आम्ही कठड्याशी उभे राहिलो.

बोट सुटायच्या वेळी मी बाजूला बघितलं तर तात्या नव्हते. मागे वळले. चहाच्या टपरीच्या आडोशाला, पाण्याच्या पिंपांना पाठ लावून ते उभे होते. बोटीवरून दिसणार नाहीत अशा जागी. त्यांची माझी नजर भेटली. त्यांनी हाताने खूण केली, इकडे नको, तिकडे बघा, बोटीकडे.

मी बघितलं. वरच्या मजल्यावर मुक्ता पिवळ्या फ्रॉकमध्ये कठड्याला लागून उभी होती आणि हात हलवत होती. मला. मी ओळखू शकते, ती मलाच हलवत होती. मग तिचा हात वर तसाच राहिला आणि मान फिरायला लागली. कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत.

"तात्यांना शोधतेय," हे म्हणाले. "गेले कुठे?"

मला माहीत होतं. पाच पावलं असतील. नुसती हाक मारली असती तरी ते बाहेर आले असते. मुक्ताने पुन्हा एकदा सगळीकडे बघितलं. मी दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात हलवले. तिने मला हात केला, आणि बोट लहान होईपर्यंत मी हलवतच राहिले.

मग तात्या टपरीआडून आले.

"केला हात पोरीनं?"

"केला."

"तुमाला?"

"मला."

"मंग झाला," ते म्हणाले आणि त्यांनी तीन चहा सांगितले. बशीत ओतून, फुंकर घालून प्यायले. पिताना माझ्याकडे बघून हसत होते, नातीचा हात आपल्यालाच मिळाल्यासारखे.

रिक्षात बसले तेव्हा पिशवी त्यांच्या मांडीवर होती. ती तुम्हाला शोधत होती, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. चार शब्द. मी म्हटलं, "निघा, लाँच चुकेल."

रिक्षा वळणाला लागली तेव्हा त्यांचा हात बाहेर आला आणि मागे न बघताच हलला. तोही मीच घेतला.